जनाबियातला कबुतरखाना

बहारीनला येऊन मला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा ऑफिसने मला जनाबियातल्या एका शेतावर मोजणीला पाठवलं. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. बेटावर जिकडेतिकडे बांधकामं निघाली होती. मी वसईचा, पेशाने ड्राफ्ट्समन, एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात नकाशे काढायचो. कंपनीचं यार्ड सलमाबादला होतं आणि यार्डाच्या मागेच आमच्या राहायच्या खोल्या. एका खोलीत सहा माणसं, मधे एक पंखा. घरी बायको होती आणि एक मुलगी. ती पाच दिवसांची असताना मी विमानात बसलो होतो.

शेताचा मालक राजधानीत, मनामात राहायचा. त्याला तिथे परदेशी साहेब लोकांसाठी व्हिला बांधायच्या होत्या. मी फक्त हद्द, झाडं, विहीर आणि असेल ते जुनं बांधकाम कागदावर आणायचं होतं. "दोन दिवसांचं काम आहे," साहेब म्हणाले.

पिकअपमधून उतरलो तेव्हा पहिल्यांदा दिसली ती वाळलेली झाडं. जवळचा गोड्या पाण्याचा झरा आटत चालला होता आणि निम्म्या खजुरींचे शेंडे तपकिरी पडले होते. त्या झाडांच्या मधोमध एक चौकोनी, दोन मजली इमारत उभी होती. खालच्या मजल्याला एकही खिडकी नाही, फक्त एक बुटकं दार. वरच्या मजल्याच्या दक्षिणेच्या भिंतीत मात्र मुठीएवढ्या भोकांच्या ओळीच ओळी, आणि प्रत्येक ओळीखाली भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी दांड्या. दांड्यांवर कबुतरं बसली होती.

मी टेप काढला तेवढ्यात आतून एक म्हातारा बाहेर आला. डोक्याला गुंडाळलेलं फडकं, अनवाणी पाय. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चक्क हिंदीत विचारलं, "बंबई?"

"बंबई के पास. वसई."

"मैं बंबई गया," तो म्हणाला. "खजूर लेके. लकडी का जहाज."

तरुणपणी तो खजुराची पोती घेऊन गलबतातून मुंबईला जाऊन आला होता. त्याची हिंदी तेवढ्या एका सफरीची होती, पण चाळीस वर्षं त्याने ती जपून ठेवली होती. सगळे त्याला हाजी म्हणायचे, मीही म्हणू लागलो. शेत त्याचं नव्हतं. त्याच्या आजोबांपासून ते कसत आले होते आणि उत्पन्नातला हिस्सा मालकाला देत आले होते. इमारत मात्र आजोबांनीच बांधून घेतली होती, समुद्रापलीकडून, इराणच्या बाजूने आलेल्या एका गवंड्याकडून. तिकडे शेतात कबुतरखाने असतात, इथे असा दुसरा नव्हता, असं हाजी सांगायचा.

दोन दिवसांचं काम मी आठवडाभर पुरवलं. मग मालकाची कुठलीशी परवानगी अडकली आणि प्रकल्प महिनोन्‌महिने थांबला. तरी मी जातच राहिलो. बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्हा ख्रिस्ती लोकांची चर्चमधली मिसाही शुक्रवारी. सकाळी मिसा आटोपली की मी जनाबियाला जायचो. बरोबर असायचे आमच्या साइटवरचे वयस्कर गवंडी. ते रायगडातल्या म्हसळ्याचे, कोकणी मुसलमान. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचा दुपारचा नमाज झाला की आम्ही निघायचो. खोलीतल्या पंख्याखाली पडून राहण्यापेक्षा आम्हा दोघांना ते बरं वाटायचं. शिवाय खरं सांगायचं तर, ऑफिसात मी रोज गोदामांचे आणि संडास-बाथरूमचे नकाशे काढायचो. ही पहिली इमारत होती जी मला काही शिकवत होती.

खालचा मजला म्हणजे खजुराचं कोठार. आत गेलं की आधी काही दिसायचं नाही, नुसता गोड, आंबूस वास. जमीन साधी सपाट नव्हती. वीतभर अंतराने जिप्समचे बारीक वरंबे आणि त्यांच्यामधे पन्हळी, सगळ्यांचा उतार एका कोपऱ्याकडे. झावळ्यांच्या विणलेल्या गोण्यांत खजूर भरून त्या या वरंब्यांवर थरावर थर रचायच्या. वरच्या ओझ्याने खालचा खजूर दबायचा, खोली तापायची, आणि काकवीसारखा काळा रस पन्हळींतून वाहत कोपऱ्यात पुरलेल्या रांजणात जमायचा. म्हणून खिडकी नव्हती. उष्णता आत कोंडायची होती. मागच्या भागात चौथऱ्यावर जव-गव्हाच्या दोन कोठ्या होत्या, त्या मात्र या खोलीपासून जाड भिंतीने तोडलेल्या. धान्याला तो दमटपणा लागू नये म्हणून.

वरचा मजला याच्या अगदी उलट. तिथे गारवा हवा होता. दोन पदरी भिंत, मधे हात जाईल एवढी पोकळी. आतल्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत कोनाडेच कोनाडे, प्रत्येकात एक जोडी. कोनाड्याचं तोंड जरा तिरकं, म्हणजे भोकातून आलेला उजेड आणि धूळ थेट पिलांवर पडू नये. उत्तरेचा वारा तिकडे फार धूळ आणतो, म्हणून उत्तरेची भिंत पूर्ण बंद. बाहेरून, दांड्यांच्या खाली, इमारतीला चहूबाजूंनी हातभर रुंदीचा गुळगुळीत गिलाव्याचा पट्टा होता. मला ती नक्षी वाटली. चाचांनी त्यावरून तळवा फिरवला आणि हसले.

"साप चढेल काय यावरून? उंदीर चढेल? घसरून पडेल. डोकं चालवलंय माणसानं."

कबुतरांची विष्ठा जमिनीतल्या एका फटीतून खाली, बाहेरच्या बाजूच्या हौदात पडायची. ते खत खजुरींना आणि कलिंगडांना जायचं. हाजी म्हणायचा, कबुतरं खाण्यासाठी कोण पाळतो, आम्ही ती या खतासाठी पाळली. झाडांनी खजूर दिला, खजुराने कोठार भरलं, कोठाराच्या डोक्यावर कबुतरं बसली. पाणी होतं तोवर हे सगळं फिरत राहिलं.

मी सगळं मोजलं. एकेक कोनाडा, एकेक वासा. छताचे वासे खारफुटीचे होते, आफ्रिकेहून गलबतांतून आलेले, आणि एका लांबीपलीकडे मिळत नसत. म्हणून खोलीची रुंदी ठरायची ती त्या वाशावरून. मनामातल्या श्रीमंताचा दिवाणखाना आणि हाजीचं कोठार यांची रुंदी जवळपास सारखीच भरली, हे मी स्वतः टेप लावून पाहिलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. घरी बायकोला पत्रात मी चार पानं या इमारतीबद्दल लिहिली. तिने उत्तर पाठवलं, "कबुतरांना घर मिळालं हे वाचून बरं वाटलं. आमचं काय?"

तिचं बरोबर होतं. फॅमिली व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागायचं आणि ते पत्र मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय निघत नसे. मी तीनदा अर्ज केला होता.

इमारतीच्या वायव्य कोपऱ्यात एक भेग होती. वरून खाली येणारी, नखभर रुंद. मी ती नकाशावर घेतली तेव्हा चाचांनी विचारलं, "ही जिवंत आहे की मेलेली?"

मला कळलं नाही.

"भेग जिवंत असते तेव्हा रोज थोडी उघडते. मेलेली असली तर शंभर वर्षं तशीच. बघून घेऊ."

त्यांनी जिप्सम कालवलं आणि भेगेवर आडव्या तीन पट्ट्या मारल्या. एक खाली, एक मधे, एक वर. बोटभर जाडीच्या. ओल्या असतानाच मी त्यांवर खिळ्याने तारीख कोरली. भेग हलली तर पट्टी तडकणार, नाही हलली तर नाही. पट्ट्या हिवाळ्यात लावल्या. मग उन्हाळा आला, बहारीनचा उन्हाळा, दगड हाताला चटका देईल असा. त्यानंतर पुन्हा थंडी पडली. आम्ही दर शुक्रवारी बघायचो, हाजी तर रोज बघायचा. पट्ट्यांवर केसाएवढीही चीर पडली नाही. भिंतीच्या आत दर चार फुटांवर आडवे वासे घातलेले होते, त्यांनी कोपरा बांधून धरला होता.

"हमारा दादा अच्छा बनाया," हाजी म्हणाला. मी म्हटलं, "बहुत अच्छा बनाया." मी नकाशात त्या पट्ट्या दाखवल्या, बाजूला बारीक अक्षरात इंग्रजीत टीप लिहिली: बारा महिने निरीक्षण, हालचाल नाही.

मग प्रकल्प पुन्हा हलला. मालकाला परवानगी मिळाली, अडचण उरली ती हाजीची. तीन पिढ्या तिथे राहिलेल्या माणसाला असाच उठवता येत नव्हतं, आणि नगरपालिकेतल्या कुणीतरी म्हटलं होतं की इमारत जुनी आहे, राहू द्या. मात्र इमारत धोकादायक असेल तर गोष्ट वेगळी. मग ती पाडायचा हुकूम निघतो आणि कुणाला बोलायला जागा उरत नाही.

आमचे मोठे साहेब पुण्याचे होते. ऑफिसात सगळ्यांशी इंग्रजीतच बोलायचे, माझ्याशीही. त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि मराठीत म्हणाले, "बस रे. चहा घेणार?"

टेबलावर माझा नकाशा पसरलेला होता.

"सुंदर ड्रॉइंग केलंयस. अरे, एवढं काम इथे कुणी करत नाही. ही क्रॅक मात्र सीरियस दिसते."

"सर, ती जुनी आहे. हलत नाही. आम्ही पट्ट्या लावल्या होत्या."

"आम्ही म्हणजे कोण? तो गवंडी?" ते हसले. "हे बघ, आपण इंजिनिअर. गवंड्याने मारलेलं प्लास्टर म्हणजे टेस्ट नव्हे. ड्रॉइंगमध्ये भेग राहू दे. पट्ट्या काढ आणि टीप काढ. एवढंच. खोटं काही लिहायचं नाही."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक टाइप केलेला कागद नकाशावर ठेवला. माझं फॅमिली व्हिसाचं पत्र. खाली सहीची जागा मोकळी होती.

"मुलगी केवढी झाली तुझी?"

"दीड वर्षाची."

"चालायला लागली असेल की."

ते धमकी देत नव्हते. त्यांच्या आवाजात मायाच होती, आणि ती मला आजही जास्त झोंबते.

त्या काळी नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचे. चूक झाली तर दाढीचं ब्लेड मधोमध मोडून त्या अर्ध्या ब्लेडने शाई हलकेच खरवडायची, मग वरून नखाने कागद घोटायचा. मी त्यात तरबेज होतो. मी माझ्या टेबलाशी गेलो, तीन पट्ट्या खरवडल्या, टीप खरवडली, कागद घोटला. दहा मिनिटंही लागली नाहीत. नकाशाच्या कोपऱ्यात 'नकाशा काढणारा' म्हणून माझी आद्याक्षरं होती, ती तशीच राहिली. संध्याकाळी मला पत्र मिळालं.

महिन्याभराने आम्ही जनाबियाला गेलो ते हुकूम घेऊन आलेल्या सरकारी माणसाबरोबर. साहेबांनी मला नकाशा घेऊन पाठवलं होतं. चाचा पाडकामाचा अंदाज घ्यायला आले होते. त्या माणसाने हाजीला अरबीत वाचून दाखवलं. मला शब्द सगळे कळले नाहीत, पण 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी, हा शब्द आला आणि त्याने हात माझ्याकडे केला, हे कळलं. हिंदी माणसाने तपासणी केली आहे, भिंत फाटली आहे, केव्हाही पडेल.

हाजीने सगळं ऐकून घेतलं. मग तो माझ्याजवळ आला आणि माझं मनगट धरून मला त्या कोपऱ्यापाशी घेऊन गेला. तीन पट्ट्या तिथेच होत्या. त्याने मधल्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ये टूटा?"

मी सरकारी माणसाकडे पाहिलं.

"बोलो. तुम लगाया. टूटा?"

सरकारी माणसाने मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतोय हा? हे काय आहे?"

तिथे चाचा उभे होते. ते माझ्याकडे बघत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जुनी डागडुजी आहे. त्याला काही अर्थ नाही."

हाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा त्याने वाचला असावा. त्याने मनगट सोडलं. तो आत गेला आणि बुटकं दार लावून घेतलं.

परतताना पिकअपमध्ये चाचांनी विचारलं, "कागदावर पट्ट्या नाहीत?"

"नाहीत."

"तू काढल्यास?"

"चाचा, व्हिसाचं पत्र..."

"मी पत्राचं विचारलं नाही."

"मी काढल्या."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पूर्वी मला "पोरा" म्हणायचे, आता "साहेब" म्हणू लागले. सगळ्या साइटसमोर, अगदी अदबीने.

जी इमारत केव्हाही पडणार होती ती पाडायला दोन दिवस लागले. बुलडोझरने पहिल्या दिवशी दक्षिणेची भिंत कशीबशी उलथवली. वायव्य कोपरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभा होता. ड्रायव्हर घामाघूम होऊन खाली उतरला आणि शिव्या देत म्हणाला, "कोण म्हणत होतं ही सडलेली आहे?" तिथे जमलेले मजूर हसले. मीही हसलो. मग साखळी लावून ओढली तेव्हा कोपरा एकसंध आडवा झाला, त्या भेगेवर तुटला नाही, भलतीकडेच तुटला.

पिलं आतच होती. मोठी कबुतरं उडाली, पण पिलांना काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हाजी आधीच ईसा टाउनला मुलाच्या घरी गेला होता, तो असता तर त्याने काढली असती. मोठी कबुतरं कित्येक दिवस त्या जागेवर घिरट्या घालत होती, दगडांच्या ढिगावर उतरत होती, पुन्हा उडत होती. मजुरांनी काही पकडून शिजवली. मला ताटात वाढली तेव्हा मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी बायको आणि मुलगी आल्या. विमानतळावर मुलीने मला ओळखलं नाही, ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. आम्ही मनामात दोन खोल्यांची जागा घेतली. बायकोला एका हॉस्पिटलात ऑफिसचं काम मिळालं. आम्ही सुखी होतो, हे मला लिहायला हवं, कारण ते खरं आहे. मुलगी शाळेत जाऊ लागली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देऊ लागली. वर्षं गेली.

जनाबियाला व्हिला उभ्या राहिल्या. तेव्हा मालकाला वाटलं, कंपाउंडमध्ये काहीतरी पारंपरिक हवं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुझं ते जुनं ड्रॉइंग आहे ना? तसाच एक टॉवर काढ. आत पाण्याची टाकी बसवू." मी काढला. काँक्रीटचा, बाहेरून तसाच चौकोनी. भोकं म्हणजे नुसते वीतभर खोल खळगे, आतून बंद. दांड्या सिमेंटच्या. रंग वाळूचा. तिथे राहणाऱ्या गोऱ्या बायका त्याच्यापुढे मुलांना उभं करून फोटो काढायच्या. कबुतरं यायची आणि खळग्यांत घाण करायची, म्हणून नंतर त्यावर जाळी मारली. चाचांनी त्या कामावर जायला नकार दिला. थोड्याच दिवसांत त्यांचा करार संपला आणि ते म्हसळ्याला परत गेले. जाताना खोल्याखोल्यांतून सगळ्यांना भेटले. माझ्या घराचा पत्ता त्यांना माहीत होता, ते आले नाहीत.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं असताना मुलीच्या शाळेने मुलांना जुन्या बहारीनच्या घरांवरचं एक प्रदर्शन दाखवायला नेलं. ती घरी आली ती नाचतच. "डॅडी, तुझी इनिशिअल्स आहेत तिथे! मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या डॅडीचं ड्रॉइंग आहे!" इंग्रजीत, धापा टाकत.

पुढच्या शुक्रवारी ती आम्हा दोघांना ओढून घेऊन गेली. कंपनीने कधीतरी तो नकाशा प्रदर्शनवाल्यांना दिला होता. काचेत लावला होता. मुलीने खालची इंग्रजी ओळ मोठ्याने वाचली. शेतातला कबुतरखाना व खजुराचं कोठार, जनाबिया. सदोष बांधकामामुळे धोकादायक ठरल्याने पाडण्यात आलं.

"डॅडी, सदोष म्हणजे ज्याने बांधलं त्याने मिस्टेक केली?" तिने विचारलं.

बायको कौतुकाने नकाशा बघत होती. "किती बारीक काम आहे," ती म्हणाली. "मला पत्रात लिहायचास ती हीच ना?"

घरी आल्यावर मुलगी खाली खेळायला गेली आणि मी बायकोला सगळं सांगितलं. पट्ट्या, ब्लेड, पत्र, हाजीने धरलेलं मनगट. ती भाजी चिरत होती. मी बोलत असताना तिने सुरी खाली ठेवली आणि ती परत उचलली नाही.

मला वाटलं होतं ती म्हणेल, आमच्यासाठी केलंस. खरं तर ते ऐकण्यासाठीच मी सांगत होतो.

ती म्हणाली, "तेव्हा का नाही विचारलंस मला?"

"काय विचारणार होतो? तूच लिहायचीस की आमचं काय म्हणून."

"म्हणून माझ्या नावावर घातलंस होय? मी कदाचित म्हटलं असतं, कर. कदाचित म्हटलं असतं, आणखी वर्षभर थांबते. ते मला आता कसं कळणार?" आणि मग, "तो माणूस आहे का अजून?"

आम्ही ईसा टाउनला गेलो. घर शोधायला दोन फेऱ्या झाल्या. फाटक हाजीच्या मुलाने उघडलं. माझ्याच वयाचा, सरकारी नोकरीतला, इंग्रजी चांगलं. हाजी दोन वर्षांपूर्वी गेला होता. मी कोण ते सांगितलं. त्या देशात दारी आलेल्याला आत बोलावून कॉफी देतात, शत्रू असला तरी. त्याने आत बोलावलं नाही. मी फाटकातच उभा राहून सांगितलं, जे बायकोला सांगितलं तेच. बायको माझ्या बाजूला उभी होती.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बाबांना इमारत गेल्याचं दुःख होतं, पण ते सोसलं. पण पुढे पुढे ते म्हणायला लागले, हिंदी पोरगा शिकलेला होता, त्यानेच सांगितलं म्हणजे खरंच असेल. आजोबांनी वाईट बांधलं असेल, आपण मुलांना घेऊन पडक्या भिंतीखाली राहिलो. मरताना तेच डोक्यात होतं."

मी मान खाली घातली.

"तू हे लिहून देशील?" त्याने विचारलं. "एका कागदावर. सही करून. मी प्रदर्शनवाल्यांकडे नेतो. ती ओळ बदलतील."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. साहेब अजून तिथेच होते. माझा व्हिसा, बायकोचा व्हिसा, मुलीची शाळा, सगळं त्याच कंपनीच्या नावावर होतं.

"मला ऑफिसात विचारावं लागेल," मी म्हणालो.

"खलास," तो म्हणाला. रागाने नाही. फाटक लावून घेतलं.

घरी पोचल्यावर बायकोने एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. तो कागद आठवडाभर टेबलावर होता. मग त्यावर मुलीने शाळेचा गृहपाठ केला.

मी ते पत्र कधी लिहिलं नाही. आणखी तीन वर्षांनी आम्ही वसईला परतलो. बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही, पण माझ्या कामाचं कौतुक करणंही तेव्हापासून सोडून दिलं. साहेब आणि चाचा दोघेही आता नाहीत. मला आता कुणाच्या सहीची गरज नाही, म्हणून सगळं लिहिलं आहे. पट्ट्या तीन होत्या, एकही तडकली नव्हती, हाजीच्या आजोबांनी इमारत उत्तम बांधून घेतली होती. पण हे मी मराठीत लिहितो आहे, आणि ईसा टाउनच्या त्या घरात मराठी वाचणारं कुणी नाही.